शंखजिऱ्याच्या गोळ्या आणि सरकारी दवाखाना

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर वस्त्यांवर पोलिसी बडगा फिरला आणि कोठडीत आमचा एक उमदा तरुण गेला. साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष तेव्हा परभणीकडे लागले होते आणि ते लागायलाच हवे होते. पण त्याच महिन्यात शेजारच्या बीड जिल्ह्यात आणखी एक गुन्हा नोंदवला गेला आणि त्याची म्हणावी तशी चर्चा आमच्या वस्त्यांत झाली नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला पुरवलेल्या अॅझिथ्रोमायसिन ५०० च्या गोळ्या बनावट निघाल्या, तो हा गुन्हा. वेष्टनावर प्रतिजैविकाचे नाव होते, आत ते औषधच नव्हते.

अंबाजोगाई बीड जिल्ह्यात आहे, मग परभणीकरांचा काय संबंध, असे कोणी म्हणू नये. जिल्ह्याच्या सीमा कलेक्टर कचेरीच्या नकाशावर असतात. गंगाखेड-सोनपेठकडचा माणूस आजार बळावला की परळीमार्गे अंबाजोगाई गाठतो, पूर्णा-पालमचा माणूस नांदेड गाठतो. परभणीला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते अगदी अलीकडे, २०२३ मध्ये. तोपर्यंत गोदाकाठच्या ऊसतोड मजुराला, वीटभट्टीवरच्या बाईला, पालावरच्या पारध्याला मोठा सरकारी दवाखाना म्हणजे अंबाजोगाई नाहीतर नांदेड. आणि नांदेडच्या विष्णुपुरीला सप्टेंबर २०२३ च्या अखेरच्या रात्रीपासून चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात अर्भके होती, हे वाचक विसरले नसतील. त्यावेळी चर्चा झाली ती औषधांच्या तुटवड्याची. पुढे हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी आदिवासी समाजातून आलेल्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले आणि सगळी चर्चा तिकडे वळली. खासदारांवर अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, ते योग्यच झाले. पण औषधाचा प्रश्न तेवढ्यात मागे पडला. दवाखान्यात औषध नसणे हा एक गुन्हा आहे. आणि औषधाच्या जागी भलतेच काहीतरी असणे हा त्याहून मोठा गुन्हा आहे, कारण तुटवडा निदान दिसतो तरी.

अंबाजोगाई हे पहिले प्रकरण नव्हे. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या सरकारी दवाखान्यातून मार्च २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला. नमुना मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत गेला. अहवाल आला डिसेंबर २०२३ मध्ये. गोळीत सिप्रोफ्लॉक्सासिन नाही! नंतर नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या भांडारातून अशाच २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. वेष्टनावर गुजरातमधल्या ज्या कंपनीचे नाव होते, तशी कंपनीच अस्तित्वात नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी जे आरोपपत्र दाखल केले त्यात म्हटले आहे की या गोळ्या हरिद्वारच्या, जनावरांची औषधे बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत तयार झाल्या आणि त्यात टाल्कम पावडर व स्टार्च यांचे मिश्रण होते. त्या महाराष्ट्रात आल्या तशाच उत्तर प्रदेश, झारखंड, छत्तीसगडच्या दवाखान्यांतही गेल्या. आरोप सिद्ध व्हायचे ते न्यायालयात होतील. पण प्रयोगशाळेचा अहवाल हा आरोप नाही.

टाल्कम म्हणजे आमच्या आयाबाया ज्याला शंखजिरे म्हणतात ते. स्टार्च म्हणजे कांजी, खळ. धोब्याने कपड्याला घालायची खळ आणि पोराच्या अंगाला लावायची पावडर. न्यूमोनियाच्या रोग्याला, टायफॉइडच्या पोराला, बाळंतिणीला हे गिळायला दिले गेले.

मार्च ते डिसेंबर हे नऊ महिने होतात. या नऊ महिन्यांत तो साठा जागेवर बसून राहिला असेल काय? सरकारी दवाखान्यातली गोळी कपाटात फार दिवस राहत नाही, ओपीडीच्या खिडकीवर रोज रांग असते. अहवाल येतो तेव्हा गोळी पोटात जाऊन महिने झालेले असतात. म्हणजे आमच्याकडे औषधाची तपासणी ही शवविच्छेदनासारखी झाली आहे. कारण कळते, माणूस परत येत नाही.

तपासणी लवकर होऊ शकते काय? होऊ शकते, आणि त्यासाठी अमेरिकेला जावे लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लेकरे गेली, त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. ते औषध तामिळनाडूत बनले होते. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने अवघ्या काही दिवसांत सांगितले की त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आहे. ते औषध बाजारात जाऊ देणारेही त्याच राज्यातले प्रशासन होते, हे खरे. म्हणून आम्ही तामिळनाडूला प्रशस्तिपत्र देत नाही. पण मनात आणले तर दिवसांचे काम दिवसांत होते आणि मनात नसले तर त्याला नऊ महिने लागतात, एवढे त्यावरून दिसते.

आता नव्या यंत्राविषयी. औषधांच्या गुणवत्ता-तपासणीत गेल्या काही वर्षांत टेबलावर मावणारे एनएमआर यंत्र वापरले जाऊ लागले आहे. एनएमआर म्हणजे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. ‘न्यूक्लिअर’ शब्दाने दचकू नये, यात अणुबॉम्बचा वा किरणोत्सर्गाचा काही संबंध नाही. दवाखान्यातला एमआरआय त्याच तत्त्वावर चालतो. लोक घाबरतात म्हणून तिथे पहिला शब्द गाळला गेला, एवढेच. ब्लॉक आणि पर्सेल या दोन शास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये हे तत्त्व प्रत्यक्षात दाखवले आणि १९५२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे ज्ञान जुने आहे. नवे आहे ते यंत्राचे आकारमान.

तत्त्व असे आहे. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक हे एक बारीकसे चुंबकच असते. त्याला मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात ठेवले आणि रेडिओच्या लहरी सोडल्या, तर ते एका ठराविक लहरीला प्रतिसाद देते. पण तो अणू कोणाच्या शेजारी बसला आहे, यावर ती लहर किंचित बदलते. ऑक्सिजनच्या शेजारचा हायड्रोजन एका जागी बोलतो, कार्बनच्या कड्यातला दुसऱ्या जागी. त्यामुळे प्रत्येक रेणूची रेघांची एक ओळख तयार होते, अंगठ्याच्या ठशासारखी. गोळी कुटायची, चिमूटभर भुकटी विशिष्ट द्रावकात विरघळवायची, गाळून काचेच्या बारीक नळीत भरायची आणि नळी यंत्रात सोडायची. काही मिनिटांत पडद्यावर रेघा उमटतात. त्या खऱ्या औषधाच्या रेघांशी जुळल्या तर ठीक, नाही तर गोळी खोटी.

सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत तर आणखी सोपे आहे. त्याच्या रेणूत फ्लोरीनचा एक अणू असतो. याच कुळातल्या नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांच्यातही तो असतो. हायड्रोजनऐवजी फ्लोरीन ऐकायला यंत्राला सांगितले, की खऱ्या गोळीत त्याची खूण स्वच्छ दिसते. शुद्ध शंखजिऱ्यात फ्लोरीन हा घटकच नाही, खळीत नाही, गोळी बांधायला जे इतर पदार्थ घालतात त्यांतही बहुधा नसतो. म्हणजे गोंधळ घालायला दुसरे कोणी नसते. खूण आहे की नाही एवढेच पाहायचे. कळमेश्वरची गोळी या यंत्रापुढे आली असती, तर पहिल्या दुपारीच पकडली गेली असती.

औषध थोडे घालून बाकी भेसळ केली असेल तर? तेही कळते. वजन माहीत असलेला एक परका पदार्थ त्याच नळीत मिसळायचा आणि दोघांच्या रेघांचे क्षेत्रफळ ताडून पाहायचे, म्हणजे ५०० मिलिग्रॅम म्हणून विकलेल्या गोळीत ५०० आहेत की ५० हे समजते. यासाठी त्याच औषधाचा महागडा प्रमाणित नमुना दरवेळी लागत नाही. आजची नेहमीची पद्धत म्हणजे एचपीएलसी. त्यात तो नमुना लागतो, द्रावकांच्या बाटल्याच्या बाटल्या लागतात आणि औषधागणिक पद्धत बदलावी लागते. अॅझिथ्रोमायसिनसारखे औषध तर अतिनील प्रकाश फारसा शोषतच नाही. त्यामुळे प्रकाशावर चालणाऱ्या साध्या तपासणीत ते नीट दिसत नाही.

पण आम्ही यंत्राचे विक्रेते नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. लहान यंत्राचे चुंबक लहान असते, ६० ते १०० मेगाहर्ट्झचे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत किंवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जी मोठी यंत्रे आहेत, त्यांना उणे २६९ अंशांचे द्रवरूप हेलियम लागते, पण त्यांची नजर कितीतरी तीक्ष्ण असते. लहान यंत्रात रेघा एकमेकींवर चढतात. अॅझिथ्रोमायसिन हा मोठा रेणू आहे, त्यात हायड्रोजनचे ७२ अणू आहेत. त्याच्या रेघांची लहान यंत्रात गर्दी होते आणि ती उलगडायला जाणकार माणूस आणि संगणकाची मदत लागते. अंशाअंशाने असलेली अशुद्धी या यंत्राला दिसत नाही. इंजेक्शन निर्जंतुक आहे की नाही हे कळत नाही, गोळी पोटात वेळेवर विरघळेल की नाही हेही कळत नाही. तेव्हा हे यंत्र म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. ते दारावरचा पहारेकरी आहे. पण आमच्या दाराला आज पहारेकरीच नाही, ही खरी अडचण आहे.

किंमत साधारण अर्ध्या कोटीपासून पुढे जाते. रक्कम मोठी वाटेल. पण एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीवर शेकडो कोटी खर्च होतात, तिथे ही रक्कम कोपऱ्यातली आहे. आणि ज्यांना तेही जड वाटते त्यांच्यासाठी त्याहून स्वस्त साधने आहेत. पेटीत मावणारी मिनीलॅब जर्मनीतल्या एका संस्थेने बनवली आणि आफ्रिकेतल्या गरीब देशांत ती वापरली जाते. पातळ थराच्या पट्टीवर औषधाचा ठिपका टाकायचा आणि तो किती वर चढतो ते पाहायचे. शंखजिऱ्याची गोळी त्यातही पकडली जाते. आफ्रिकेतल्या खेड्यात जे होते ते परभणीत का होऊ नये?

इथे आम्हाला व्हेंटिलेटर आठवतात. कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, पीएम केअर्समधून मराठवाड्याला व्हेंटिलेटर आले आणि औरंगाबादच्या घाटी रुग्णालयातले बरेच नादुरुस्त असल्याची तक्रार थेट उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेली. यंत्र येते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो आणि यंत्र खोक्यात राहते. चालवायला माणूस नसतो. औषध निरीक्षकांची पदे या राज्यात वर्षानुवर्षे रिक्त ठेवली जातात. प्रयोगशाळांतले काम कंत्राटी हातांवर ढकलले जाते. आणि दुसरीकडे परभणीच्या, जिंतूरच्या, सेलूच्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली आमची पोरे मेडिकल दुकानाच्या काउंटरवर उभी आहेत किंवा स्पर्धा परीक्षेच्या जाहिरातीची वाट पाहत आहेत. या पोरांना सहा महिने शिकवले तर ती हे यंत्र चालवतील. पण पद भरायचे म्हटले की आरक्षण आले, बिंदुनामावली आली. त्यापेक्षा पद न भरणेच राज्यकर्त्यांना सोयीचे वाटते. रिक्त पद हे आरक्षण संपवण्याचे सर्वांत बिनबोभाट हत्यार आहे, हे आम्ही यापूर्वीही अनेकदा लिहिले आहे. त्या रिक्त जागेतून आता खोट्या गोळ्या आत शिरल्या आहेत.

खरेदीची पद्धत पाहा. आधी प्रत्येक खाते आपापले घेई, मग हाफकिनकडे खरेदी गेली, हाफकिनकडून वेळेवर होईना म्हणून २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. दरम्यान दवाखान्यांना स्थानिक खरेदीची मुभा. निविदा निघते, सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. शंखजिऱ्याची गोळी बनवणाऱ्यापेक्षा कमी दर कोण भरू शकेल? जो खरे औषध घालतो तो या शर्यतीत हरणारच. पुरवठादार सोबत एक कागद जोडतो, ‘तपासून पाहिले, योग्य आहे’. कंपनीच खोटी असेल तर कागद खरा कसा असेल, हे विचारण्याचे काम भांडारातल्या एकट्या फार्मासिस्टवर सोपवले आहे. त्याच्याकडे दोन डोळे आहेत, बाकी काही नाही. आणि गोळी पांढरी असते, खरीही आणि खोटीही. प्रकरण उघडकीस आले की चौकशी मात्र पहिली त्याचीच होते.

औषधाने माणसे मारण्याचा महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औद्योगिक ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या आयोगाने मंत्र्यापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांची लक्तरे बाहेर काढली, आरोग्यमंत्र्यांना जावे लागले. २००३ मध्ये डॉ. माशेलकर समितीने बनावट औषधाला फाशीपर्यंतची शिक्षा सुचवली. २००८ मध्ये कायदा दुरुस्त झाला. बनावट औषधाने मृत्यू वा गंभीर इजा झाली तर किमान दहा वर्षे ते जन्मठेप आणि दंड किमान दहा लाख. कायदा कडक आहे. पण मृत्यू बनावट औषधाने झाला हे सिद्ध कोण करणार? न्यूमोनियाने गेलेल्या म्हातारीच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला जातो. तिने घेतलेली गोळी कोणी तपासत नाही.

यातला आणखी एक धोका डॉक्टरांनाही उशिरा कळतो. सिप्रोफ्लॉक्सासिन दिले, ताप उतरला नाही, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाहीत, असा डॉक्टरचा समज होतो. मग तो वरचे, जपून ठेवायचे प्रतिजैविक काढतो. महागडे इंजेक्शन बाहेरून आणायला चिठ्ठी लिहून देतो. नातेवाईक मंगळसूत्र गहाण ठेवून ते आणतात. जंतू निर्दोष होता, गोळी खोटी होती. आणि गोळीत औषध थोडेच असेल तर परिणाम उलटा होतो. अर्धमेले जंतू शिल्लक राहतात आणि पुढे खऱ्या औषधालाही जुमानत नाहीत. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सांगितले की गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधारण दहा औषधांमागे एक निकृष्ट वा बनावट असते, आणि तक्रारींत मलेरियाची औषधे व प्रतिजैविके पुढे आहेत. बडे लोक म्हणतात, गरीब लोक गोळ्यांचा कोर्स पूर्ण करत नाहीत म्हणून जंतू माजले. कोर्स शंखजिऱ्याचा असेल तर तो पूर्ण करून काय होणार, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य म्हटले आहे. २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्कात सरकारी दवाखान्यातला वेळेवर उपचार येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या खेतमजुरांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सांगितले. उपचार म्हणजे गोळीसारखी दिसणारी वस्तू नव्हे. मंत्री, आमदार, मोठा व्यापारी यांच्यापैकी कोणी ओपीडीच्या खिडकीवर हात पसरत नाही. तिथल्या रांगेत कोण उभे असते हे वाचकांना सांगायची गरज नाही. कंत्राटदारालाही ते ठाऊक असते. ही माणसे गोळी तपासायला देणार नाहीत, या खात्रीवर तर हा सगळा धंदा उभा आहे.

ही खात्री मोडता येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० चे कलम २६ आमच्या कार्यकर्त्यांनी वाचून ठेवावे. कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, ठरलेली फी भरून, आपण घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते आणि सही केलेला अहवाल मिळवू शकते. हे कलम पोलिसांसाठी नाही, निरीक्षकासाठी नाही, सामान्य माणसासाठी आहे. आणि कलम १७-ब प्रमाणे, वेष्टनावर अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचे नाव असेल तर आतला माल न पाहताही ते औषध बनावट ठरते.

त्यासाठी आधी खिडकीवर एक गोष्ट बदलावी लागेल. दवाखान्यात पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या पुडीत देतात. त्या तुकड्यावर ना कंपनीचे नाव येते, ना बॅच क्रमांक, ना मुदत. पुरावा तिथेच कापला जातो. बॅच क्रमांक केस पेपरवर लिहून द्या, ही मागणी करायला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही, मंत्रिमंडळाचा ठराव लागत नाही. परभणीच्या जिल्हा रुग्णालयापासून पाथरी, मानवत, गंगाखेडच्या दवाखान्यांपर्यंत आमच्या शाखांनी ही मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी.

आणि वैद्यकीय शिक्षण खात्याला आमचा प्रश्न आहे. अंबाजोगाईच्या भांडारातून त्या गोळ्या कोणत्या तारखांना, कोणत्या वॉर्डात गेल्या, याची नोंद रजिस्टरमध्ये असते. ज्यांना त्या दिल्या त्यांची नावे, गावे, तालुके केस पेपरवर असतात. त्यांत गंगाखेडची किती, सोनपेठची किती? त्यांतले किती जण बरे होऊन घरी गेले, किती जण पुन्हा दाखल झाले आणि किती जणांचे नाव मृत्यूच्या नोंदवहीत आले, हे खात्याने मोजले आहे काय? मोजले असेल तर ते जाहीर करावे. मोजले नसेल तर रजिस्टरे जागेवर आहेत तोवर ती ताब्यात घ्यावीत.